संस्थेने व्हीलचेअर दिली, पण मुलगी तिच्यात बसत नाही: मदत नेमकी कशाची मागायची?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईने विचारलंय. मुलगी ३ वर्षांची. जन्मली तेव्हा लगेच रडली नाही, १२ दिवस काचेत ठेवली होती. पुढे डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी सांगितली, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणं. मान आता बरीच धरते, पण बसत नाही. लाळ गळते, एका वेळचं जेवण भरवायला तास-दीड तास जातो. नवरा पुण्याला कंपनीत, ही सासू-सासऱ्यांजवळ. एका संस्थेच्या शिबिरात व्हीलचेअर मिळाली, पण मुलगी तिच्यात टिकत नाही. दुसरी एक संस्था म्हणते, आमच्या वसतिगृहात ठेवा. आणि कुणीतरी सांगतंय, देणग्या गोळा करून स्टेम सेलचं (मूळ पेशींचं) इंजेक्शन देऊ. तर संस्थेकडे जायचं म्हणजे नेमकं काय मागायचं, आणि भरवसा कुणावर ठेवायचा?

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली २६ वर्षं धर्मादाय संस्थांच्या केंद्रांतच काम केलं. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं एसटीने गावोगाव जाऊन मुलांना त्यांच्या घरीच बघण्यात गेली. आधी उत्तर सांगते, कारणं नंतर. संस्थेच्या दारात गेलात की वस्तू मागू नका, पैसे मागू नका, "हिला ठेवून घ्या" असंही म्हणू नका. विचारा, "माझ्या घरी येऊन हिचा एक दिवस कोण बघून जाईल?" ती कुठे झोपते, कशी बसते, तुम्ही कसं भरवता, अंघोळ कुठे घालता, दिवसातून तिला कितीदा उचलता, हे सगळं ज्या संस्थेचं माणूस डोळ्यांनी बघतं आणि त्यातल्या एकेका कामातले तुमचे कष्ट कमी करून देतं, ती संस्था तुमच्या उपयोगाची. बाकी कितीही मोठी इमारत असू दे.

आता ती व्हीलचेअर. तुमच्या मुलीचा त्यात काही दोष नाही, आणि ती हट्टीही नाही. शिबिरात वाटतात त्या खुर्च्या बहुतेक मोठ्या माणसाच्या मापाच्या. त्यांची बैठक दीड फूट रुंद. तीन वर्षांच्या मुलाला वीतभर, फार तर त्याहून चार बोटं जास्त, एवढी रुंदी पुरते. अशा खुर्चीत मूल ठेवलं की बूड पुढे सरकतं, पाठीला पोक येतो, पाय लोंबकळतात. शरीराला आधार सापडत नाही म्हणून मान मागे जाते आणि सगळं अंग ताठ होतं. मग ते रडतं. घरातले म्हणतात, हिला खुर्ची आवडत नाही. पंढरपूरच्या बाजूला एका घरी गेले होते, तिथे पडवीत अशीच एक नवी कोरी खुर्ची होती, हँडलवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. तिच्यावर कांद्याची दोन पोती ठेवलेली. मूल आत, जमिनीवर, उताणं. आई मला म्हणाली, "मॅडम, परत घेऊन जा, पण कुणाला सांगू नका, साहेबांना वाईट वाटेल." देणाऱ्याला वाईट वाटू नये याची काळजी त्या बाईला करावी लागत होती.

मीही माझ्या सुरुवातीच्या वर्षांत अशा शिबिरांत मापं न घेता साहित्य वाटलं आहे. यादीतली नावं वाचायची, साहित्य द्यायचं, फोटो, चहा. सहा महिन्यांनी त्याच घरांत गेले तेव्हा दिसलं की वाटलेल्यातलं फारच थोडं वापरात आहे. तेव्हापासून मी एक ठरवलं की मूल आणि मोजपट्टी एकत्र आल्याशिवाय वस्तू द्यायची नाही, आणि दिली तर महिन्याभरात परत जाऊन बघायची. तुम्हीही हे विचारू शकता. "माप कोण घेणार? ती वाढली की बदलून कोण देणार? तुटली तर?" या तीन प्रश्नांना उत्तर नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. दिव्यांगांना साहित्य देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडीआयपी योजनेतून, म्हणजे ते साहित्य बनवणाऱ्या कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीमार्फत, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या मापाच्या खुर्च्याही मिळतात. चांगली संस्था त्या शिबिरासाठी तुमचं नाव घालते आणि खुर्ची आली की स्वतः बसवून बघते.

पण त्याची वाट बघत बसू नका. तुमच्या गावात सुतार असेल. तिच्यासाठी कोपऱ्याची खुर्ची करून घ्या. दोन फळ्या काटकोनात जोडून पाठ करायची, म्हणजे खांदे आपोआप पुढे येतात आणि हात समोर राहतात. खाली बैठक, मांड्यांच्या मध्ये एक गोल खुंटी, तिला जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळून मऊ करायची. त्याने पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत नाहीत. पायांखाली फळी हवीच. पाय टेकले की बूड स्थिर राहतं, बूड स्थिर राहिलं की मान सावरते. समोर एक छोटा पाट, त्यावर वाटी, खेळणं, भांडं, काहीही. कंबरेला पट्टा, छातीला नको. प्लायचे तुकडे घरात असतील तर खर्च सुताराच्या मजुरीचाच. खुर्ची होईपर्यंत घरातल्या दोन भिंतींचा कोपरा वापरा. गोधडीची घट्ट गुंडाळी करून दोन्ही मांड्यांच्या मध्ये ठेवा, दोन्ही बाजूंना उशा. सुरुवातीला पाच मिनिटं बसेल. पुरे आहे.

आता जेवण. याविषयी मी जास्त लिहिणार आहे, कारण तुमच्या दिवसातले चार तास तिथेच जातायत.

गावाकडे बहुतेक आया अशा मुलांना मांडीवर आडवं घेऊन भरवतात. मान कोपरावर मागे टाकलेली, तोंड वर, चमचा वरून घशाकडे. बाळ लहान असताना तशी सवय लागलेली असते आणि मूल मोठं झालं तरी तीच राहते. तुम्ही स्वतः करून बघा. मान पूर्ण मागे टाका, छताकडे बघा आणि पाणी गिळा. जमत नाही ना? श्वासनलिका उघडी राहते आणि पाणी चुकीच्या वाटेला जायला बघतं. आपण खोकून ते बाहेर काढतो. या मुलांना नीट खोकताही येत नाही, म्हणून अन्नाचे कण छातीत जातात आणि महिन्याला-दोन महिन्याला "कफ झाला, ताप आला" सुरू होतं. तिला वारंवार छातीचा त्रास होत असेल, जेवताना ठसका लागत असेल किंवा जेवणानंतर आवाज घरघरीत, ओला येत असेल, तर डॉक्टरांना हे शब्द तसेच्या तसे सांगा.

करायचं काय? आधी तिला सरळ बसवा. पाठ टेकलेली, पाय टेकलेले, आणि हनुवटी किंचित खाली, आपण ताटाकडे बघतो तशी. तुम्ही तिच्या समोर बसा, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. उभं राहून भरवलं की ती वर बघते आणि मान परत मागे जाते. चमचा समोरून, खालच्या बाजूने आणा, जिभेवर हलकासा दाबा आणि सरळ बाहेर काढा. वरच्या दातांवर घासून अन्न आत पाडू नका. ओठ तिला मिटू द्या. खाली जबड्याला तुमच्या बोटाचा आधार दिलात तर जास्त सोपं जाईल. घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. अन्न पातळ पेजेसारखं नको, घट्ट हवं. वरणभात कुस्करून, त्यावर तूप किंवा तेल. उकडलेला बटाटा, केळं, नाचणीची घट्ट खीर, शेंगदाण्याचं कूट बारीक करून मिसळलेलं. पातळ पदार्थ पटकन घशात घसरतो आणि ठसका तोच लावतो. पाण्यासाठी एक उघडा कप घ्या, त्याची एक कड नाकाच्या जागी कापून टाका, म्हणजे मान मागे न टाकता पाणी पाजता येतं. बाटलीचं बूच आणि चमचा या दोन्हींपेक्षा ते बरं.

मी एका घरी हे दाखवत होते तेव्हा आजी कोपऱ्यात पाय पसरून भाजी निवडत होती. माझ्याकडे बघत नव्हती. आईला जमेना, ती घाईत होती, शेताला जायचं होतं. दोन आठवड्यांनी परत गेले तर आजी नातवासमोर पाटावर बसून, "मिट, मिट तोंड, हां" असं म्हणत घास भरवत होती. दीड तासाचं जेवण चाळीस मिनिटांवर आलं होतं. ताई, तुमच्या सासूबाई घरात आहेत. संस्थेचं माणूस आलं की त्यांनाही समोर बसवा. सेवा म्हणून मी ज्याला मानते ते हे आहे. थेरपी केंद्रात पाऊण तास होते, उरलेले तेवीस तास मूल घरी असतं.

म्हणूनच तुम्हाला कुणी सांगितलं की "रोज केंद्रात आणा, नाहीतर प्रगती होणार नाही", तर विचार करा. रोज दोन एसटी बदलून अकरा किलोचं मूल कडेवर घेऊन जाणं म्हणजे तुमचा आख्खा दिवस. तुमची कंबर त्यात जाईल, आणि कंबर गेलेली आई ही या मुलांच्या आयुष्यातली फार मोठी अडचण असते. महिन्यातून दोनदा केंद्रात, मध्ये एक गृहभेट आणि घरी रोजच्या कामांतच व्यायाम, एवढं नेमानं झालं तरी पुष्कळ. कपडे घालताना एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवणं, उचलताना आधी कुशीवर घेऊन पाय दुमडून उचलणं, पोटावर झोपवून समोर भांडं वाजवणं. उताणं असतानाच दोन्ही हात धरून सरळ वर ओढू नका, त्याने ती आणखी ताठते.

तपासण्यांचं पटकन सांगते. तिचे कान (बेरा तपासणी) आणि डोळे दाखवून घ्या, कारण "समजत नाही" असं ज्या मुलांबद्दल म्हणतात त्यातल्या काहींना नीट ऐकूच येत नसतं. झटके येतात का? सेरेब्रल पाल्सीच्या बऱ्याच मुलांना येतात. शंका असली तर मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. वजन दर महिन्याला लिहून ठेवा. चालत नसलेल्या मुलांचा खुबा हळूहळू सांध्यातून सरकतो, म्हणून वर्षातून एकदा खुब्याचा एक्स-रे लागतो. हे आपल्याकडे फार वेळा राहून जातं आणि मूल दहाव्या वर्षी दुखून रडायला लागतं तेव्हा कळतं.

आणि हा आजार तुमच्यामुळे झालेला नाही. ग्रहणात भाजी चिरल्याने, बाळंतपणात कुठे गेल्याने, कुणाच्या नजरेने असं होत नाही. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडणं, बाळ फार अपुऱ्या दिवसांचं असणं, कावीळ फार वाढणं, मेंदूला संसर्ग होणं, अशी त्याची कारणं. मेंदूची ती इजा वाढत जात नाही. वाढतात ते तिचे परिणाम, स्नायू आखडणं, सांधे वाकणं, आणि तेच आपल्या हातात असतात.

स्टेम सेलबद्दल माझं उत्तर ठाम नाही असं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांसाठी केलेलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर उपचार म्हणून मान्य नाही. तो फक्त मंजूर संशोधनात होऊ शकतो आणि संशोधनात रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणजे कुणी लाखांत पैसे मागतंय तिथेच उत्तर मिळालं. माझ्या माहितीतल्या एका वडिलांनी एक एकर जमीन विकली. मूल होतं तसंच राहिलं, आणि पुढे जेव्हा खुब्याच्या शस्त्रक्रियेची खरी गरज पडली तेव्हा हातात काही नव्हतं. तुमच्या नावाने देणग्या गोळा करायला कुणी तयार असेल तर त्या माणसाला म्हणा, त्याच पैशात आमच्या तालुक्याला वर्षभर एक थेरपिस्ट आणून द्या.

वसतिगृहाचं जरा जपून लिहिते. काही आईबापांनी मूल संस्थेत ठेवलं आहे, अगदी नाइलाजाने, आणि मी त्यांना कधीच नावं ठेवली नाहीत. दोघं ऊसतोडीला, घरात तिसरं कुणी नाही, अशा वेळी काय करणार? पण तुमची मुलगी ३ वर्षांची आहे. या वयात तिला तुमचा आवाज, वास, हात ओळखीचे आहेत आणि ती शिकते ती त्यांच्यामुळेच. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यातही म्हटलंय की केवळ दिव्यांग आहे म्हणून मुलाला आईवडिलांपासून वेगळं करता येणार नाही. मुलाच्या हितासाठी तशी गरज असेल तर न्यायालयाने आदेश द्यावा लागतो. तुम्ही स्वतःहून ठेवणं हा वेगळा भाग, पण त्यासाठी कुणी घाई करत असेल तर कारण विचारा. काही ठिकाणी अनुदान मुलांच्या संख्येवर मिळतं, हे लक्षात ठेवा. तुम्हाला खरं तर विसावा हवाय. चार दिवस माहेरी लग्नाला जायचं असेल, ताप आला असेल, कांदा काढायचा असेल, तर तेवढ्या दिवसांपुरती तिला सांभाळणारी ओळखीची, शिकवलेली माणसं. आपल्याकडे ही सेवा फार थोड्या संस्था देतात आणि मागणारे त्याहून थोडे. आयांना लाज वाटते. मागा. पाच आयांनी एकत्र मागितलं तर संस्थेला करावं लागतं.

"आमच्यानंतर काय" हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण तो मनात असणार. तो इतक्यात उरावर घेऊ नका. मुलगी १८ वर्षांची झाली की राष्ट्रीय न्यासाच्या (सेरेब्रल पाल्सीसारखं दिव्यांगत्व असलेल्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था) १९९९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालकत्व घेता येतं. त्या वेळी बघू.

आता भरवसा कुणावर. मी संस्थेत गेले की आधी स्वयंपाकघर आणि संडास बघते, मग कार्यालय. तुम्हीही बघा. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थेला त्या २०१६ च्या कायद्याखाली वेगळं नोंदणी प्रमाणपत्र लागतं. ते भिंतीवर लावलेलं असतं, नसेल तर विचारा. फिजिओथेरपिस्ट, विशेष शिक्षक कोण आहेत, रोज असतात की पाहुणे आले की येतात, हे तिथल्या दुसऱ्या आयांना विचारा. त्या खरं सांगतात. आणि फोटोचं. मदत घेताना मुलीला समोर धरून फोटो काढायची अट असेल तर तुम्ही नाही म्हणू शकता. लाळ गळणाऱ्या, वाकड्या बसलेल्या मुलाचा फोटो फ्लेक्सवर लावून देणग्या मागितलेल्या मी पाहिल्या आहेत. तुमची मुलगीही उद्या मोठी होणार आहे. तिला काय वाटेल हा विचार आज तुम्हीच करायचा आहे, दुसरं कुणी करणार नाही.

चांगलं काम कसं दिसतं ते बघायचं असेल तर तुमच्यापासून फार लांब जायला नको. लातूरजवळ हरंगुळला संवेदना हे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचं केंद्र आहे. एकदा तरी जाऊन या, सासऱ्यांनाही घेऊन जा. मुंबईत १९७२ साली मिठू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली, आता तिला अडॅप्ट म्हणतात. त्यांची मुलगी मालिनी चिब हिला सेरेब्रल पाल्सी, आणि त्या वेळी देशात अशा मुलांसाठी शाळाच नव्हती म्हणून आईने काढली. नाशिकच्या प्रबोधिनी या विशेष शाळेमागे रजनीताई लिमये होत्या, त्याही बौद्धिक अक्षमता असलेल्या एका मुलाच्या आई. मुंबईत २००१ पासून उम्मीद बालविकास केंद्र आहे, तिथे पालकांना सोबत घेऊन काम करतात. पुण्याची कामायनी १९६४ ची, मुंबईची जय वकील शाळा १९४४ ची, पण या दोन्ही मुख्यतः बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी. तुमच्या मुलीची समज कशी आहे हे नीट कळल्याशिवाय तिला त्या गटात घालू नका. सेरेब्रल पाल्सीतली कितीतरी मुलं बोलू शकत नाहीत पण सगळं समजतं. नाव घेतल्यावर ती डोळ्यांनी बघते का, हो-नाहीसाठी काही खूण करते का, हे बघत राहा आणि ती खूण घरातल्या सगळ्यांनी मानायची.

सरकारी हक्कांचं वेगळं सांगते, कारण संस्थेची खरी मोठी मदत कागदांत होते. अंगणवाडीत तिचं नाव घाला. तीन वर्षं पूर्ण झाली आहेत, आणि दिव्यांग मुलांना अंगणवाडीत कसं सामावून घ्यायचं याची नियमावली केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्येच काढली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. आशाताईंना सांगून ठेवा, त्या पथकाकडून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घ्या, तिथे थेरपी मोफत असते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. लहान मुलांना बऱ्याचदा दिव्यांगत्वाचा मुदतीचा दाखला देतात, मुदत संपायच्या आधी नूतनीकरण करायचं. दाखला आला की राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना घ्या. तिच्यात वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, आणि थेरपीचा, ओपीडीचा, प्रवासाचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत येतो. त्यासाठी थेरपीची प्रत्येक पावती सांभाळा. ही नोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होते, म्हणून संस्थेला पहिल्याच दिवशी विचारा, "निरामयचं करून देता का?" एसटीत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर भाड्यात ७५ टक्के सवलत, आणि ६५ टक्के किंवा जास्त असेल तर सोबतच्या माणसालाही ५० टक्के. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसेवकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कोपऱ्याच्या खुर्चीचे पैसे तिथून मिळालेले मी पाहिले आहेत.

आणि एक, जे फार कमी लोकांना माहीत असतं. पुढे शस्त्रक्रियेची वेळ आली तर मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना आहे ती. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकांना भेटायचं. काउंटरवर विचारू नका, काउंटरवर नाहीच म्हणतात.

तुमच्या यजमानांबद्दल थोडं. ते पुण्यात आहेत म्हणून बाजूला पडलेत असं तुमच्या लिहिण्यातून वाटलं. वडील लांब असले की मुलाचं सगळं आईचं होऊन बसतं, आणि ते घरी आले की मुलाला हात लावायला घाबरतात. दिवाळीला, जत्रेला येतील तेव्हा दोन वेळचं भरवणं त्यांच्याकडे द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा. पहिल्या दिवशी सांडेल. पुण्यातली संस्थांची चौकशी, निरामयचे कागद, फोन हे काम त्यांच्याकडे सोपवा. आणि तुमच्या तालुक्यात अशी आणखी मुलं आहेतच. अंगणवाडीच्या ताईंना माहीत असतात. महिन्यातून एकदा चार आया एका ओट्यावर बसल्या तरी पालकांचा गट होतो. संस्थेला एका घरासाठी थेरपिस्ट पाठवणं परवडत नाही, सहा घरांसाठी एका दिवसात परवडतं. मी ज्या गावांत वर्षानुवर्षं जात राहिले ती सगळी अशीच, जिथे आधी आया जमल्या आणि मग त्यांनी आम्हाला बोलावलं.

पहिल्या भेटीला जाताना जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड, झालेल्या तपासण्या आणि दोन व्हिडिओ न्या, एक भरवतानाचा आणि एक ती पोटावर असतानाचा. एका वहीत तिचा एक साधा दिवस लिहा, उठल्यापासून झोपेपर्यंत, किती वाजता काय, किती वेळ लागतो. ज्या कामाला सगळ्यात जास्त वेळ लागतो त्यावर खूण करा आणि थेरपिस्टना सांगा, "आधी हे सोपं करून द्या."

आणि सुताराकडे जायच्या आधी तिची चार मापं घ्या. ती तुमच्या मांडीवर पाठ टेकून बसलेली असताना बुडाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत, त्यातून दोन बोटं वजा करा, ती बैठकीची खोली. गुडघ्याच्या खळीपासून टाचेपर्यंत, ते बैठकीपासून पायाच्या फळीपर्यंतचं अंतर. दोन्ही खुब्यांच्या बाहेरून रुंदी, त्यात दोन बोटं मिळवा. आणि बैठकीपासून खांद्यापर्यंतची उंची, पाठीसाठी. माप शिंप्याच्या टेपने घ्या, कागदावर तारीख घाला. सहा महिन्यांनी परत घ्यायची आहेत.